मानपूरच्या रानवाटेवर दुसऱ्या एटीव्हीची पारख

चौघांच्या घराला रानात फिरायला एक एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणारी, हँडलची चारचाकी, पुरत नाही. एक जण चालवतो, एक मागे बसतो आणि उरलेले दोघे आंब्याखाली बसून आपली पाळी यायची वाट बघतात. आमची पहिली गाडी पोलारिसची ५७० सीसीची आहे, लांब बांध्याची, मागच्या माणसासाठी वेगळी सीट असलेली. दुसरी कोणती घ्यायची यावरून घरात दिवाळीच्या आधीपासून खल चालू होता. नवऱ्याचं म्हणणं, तशीच ५७० घेऊ, सुटे भाग एकसारखे राहतील. बारा वर्षांच्या मुलाला मुलांसाठीची ११० हवी होती. पंधरा वर्षांची मुलगी काही बोलत नव्हती, पण पहिल्या गाडीच्या हँडलवरचा तिचा हात मी पाहिला होता. बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत जेमतेम पोचत होती.

शेवटी ठरलं, की जिथे चालवणार तिथेच गाड्या चालवून बघायच्या. महूच्या पुढे मानपूरजवळ चुलत सासऱ्यांची, म्हणजे काकांची, शेती आहे. जानापावचा डोंगर तिथून समोर दिसतो. इंदूरमधल्या ओळखीच्या दोन घरांनी आपापली एटीव्ही घेऊन यायचं कबूल केलं. एक मुलांची ११०, दुसरी २०० सीसीची. एकट्याने चालवायची ५७० काकांच्या शेजाऱ्यांकडे शेतकामासाठी होतीच.

वेळ नीट निवडा, माळव्यात सगळं त्यावर आहे. सोयाबीन निघाल्यावर आणि गहू पेरायच्या आधी जी थोडी उसंत मिळते, तेवढ्याच दिवसांत शेतं मोकळी असतात आणि जमीन कडक झालेली असते. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला आणि मडगार्डला अशी लिंपून बसते की चाक फिरणंच बंद होतं. गव्हाच्या कापणीनंतर पुन्हा जागा मोकळी होते, पण एप्रिलच्या दुपारी हेल्मेट घालून मुलांना तासभरही बसवू नये असं माझं मत आहे. लसूण-बटाटा लावणारे शेतकरी सोयाबीन निघाल्याबरोबर शेत ओलवतात, म्हणून प्रत्येक बांध ओलांडण्याआधी मालकाला विचारा. कार्तिकी पौर्णिमेला जानापाववर जत्रा भरते, तो दिवस टाळा.

राऊ ते महू हा पट्टा पीथमपूरच्या ट्रकांनी भरायच्या आत आम्ही पार केला. पोहे-जलेबी बांधून घेतली होती, ती मानपूरला पोचल्यावर खाल्ली.

आता कायद्याचं, कारण याबाबतीत फार ढिलाई दिसते. रानासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची नोंदणी होत नाही, त्यामुळे त्या सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत. दोन शेतांच्या मधला डांबरी रस्ता हाही रस्ताच आहे. आम्ही तेवढ्या अंतरासाठीही गाडी टेम्पोत चढवली. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवल्याचं सिद्ध झालं, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डोंगराचा उतार वनखात्याचा असेल तर परवानगीशिवाय तिकडे वळू नका. काकांनी सकाळीच मुलांना बरोबर घेऊन शेताची हद्द पायी फिरवून दाखवली. हे फार उपयोगी पडलं. विहीर कुठे, तारेचं कुंपण कुठे, नाल्याची दरड कुठे खचली आहे, हे गाडीवर बसल्यावर दिसत नाही.

पहिल्यांदा सगळ्यांनी ११० वर हात फिरवला. मुलाचा चेहरा खुलला, आणि ते योग्यच होतं. ही गाडी खरोखर त्याच्या मापाची होती. माप बघायची पद्धत सोपी आहे. पायटांवर, म्हणजे पाय ठेवायच्या जागेवर, उभं राहिल्यावर सीट आणि बुडाच्या मध्ये तीन ते सहा इंच जागा राहिली पाहिजे. हँडल पूर्ण वळवलं तरी बाहेरच्या बाजूच्या हाताचं कोपर थोडं वाकलेलंच राहावं, अंग पुढे ओढावं लागू नये. ब्रेकच्या दांडीवर बोटाचं पहिलं पेर तरी नीट बसावं. या वर्गातल्या गाड्या दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी बनवतात आणि वेगाची मर्यादा लावली की त्या ताशी २४ किलोमीटरच्या आसपास थांबतात. सोयाबीनच्या धसकटांवर, मोकळ्या शेतात, मुलगा छान चालवत होता. नाल्याकडे वळल्यावर मात्र काळ्या दगडांवर गाडीचं पोट घासायला लागलं. लहान चाकं, खाली बसलेला सांगाडा. ही शेतातली गाडी आहे, विंध्याच्या काठावरच्या दगडी वाटेची नव्हे. शिवाय मुलीचे गुडघे हँडलला लागत होते. आणि मला, खरं सांगायचं तर, मुलगा वर्षा-दोन वर्षांत त्यातून बाहेर पडणार हे तिथेच दिसत होतं.

एकट्याची ५७० नवऱ्याने चालवली आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चारही चाकांना ताकद, चढासाठी वेगळा हळू गिअर, उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. पण घरातला दुसरा चालक कोण? सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ही गाडी नाही, असं बनवणारेच लिहितात, आणि ते लिहिणं जबाबदारी झटकण्यासाठी नाही. तीनशे किलोंच्या वरची गाडी तिरप्या उतारावर कलते तेव्हा चालवणाऱ्याने आपलं वजन चढाच्या बाजूला टाकून तिला सावरायचं असतं. पंचेचाळीस किलोंच्या मुलीच्या वजनाला ती गाडी दाद देत नाही. मी स्वतः नाल्याच्या काठाने ती आडवी नेली आणि एका जागी, चाक दगडावर चढल्यावर, पूर्ण अंग टाकूनही ती हळूहळूच परत टेकली. तेवढ्यात माझा निर्णय झाला होता. पुढे मोठी होईल म्हणून आज मोठी गाडी घ्यायची, हा विचार चपलांच्या बाबतीत चालतो, इथे नाही.

राहिली २००. मुलीच्या मापाला ती बसली आणि माझ्याही. अमेरिकेतल्या वर्गवारीत या गटातल्या गाड्या चौदा वर्षांपुढच्या मुलांना, मोठ्यांच्या देखरेखीखाली, चालवायला सांगतात. आम्ही चालवलेल्या गाडीला ताकद फक्त मागच्या चाकांना होती आणि हळू गिअर नव्हता. म्हणजे काही मर्यादा आधीच मान्य करायच्या. नाल्यातून वर येणाऱ्या सुट्या दगडांच्या चढावर तिची दमछाक झाली. उतारावर रेस पूर्ण सोडली की ती मोकळी सुटायची, सगळा भार ब्रेकवर. हे विकत घेताना नक्की तपासा: एखाद्या उतारावर रेस सोडून बघा, इंजिन गाडी धरतं की सोडून देतं. नसेल धरत, तर मुलांना शिकवताना उताराच्या आधीच वेग कमी करायला शिकवावं लागेल. मागचा धुरा एकसंध, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरवणारा, असल्यामुळे वळताना गाडी सरळ जाऊ पाहते. वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवलं आणि बाहेरच्या पायटावर जोर दिला की ती वळते. मुलीला हे थोड्याच वेळात जमलं, कारण गाडी तिच्या वजनाचं ऐकत होती.

दुपारी काकूंच्या दाल-बाफल्यांनंतर दोन्ही गाड्या एकत्र निघाल्या, पहिल्यांदाच. पुढे नवरा आणि मागे मुलगा आमच्या मोठ्या गाडीवर, त्यांच्या मागे मुलगी २०० वर. मी पहिल्या टप्प्याला शेतात थांबले, परतीच्या टप्प्याला तिच्या जागी बसले. मागे बसवायच्या माणसाचं वय किमान बारा हवं आणि त्याचे पाय पायटांवर टेकले पाहिजेत, ही अट आम्ही काटेकोर पाळतो. एकट्याच्या सीटवर दोघं कधीच नाहीत, अगदी फाटकापर्यंतसुद्धा. मागचा माणूस बसला की चालवणाऱ्याला अंग हलवायला जागा उरत नाही आणि चढावर पुढची चाकं उचलतात.

वाट मोठ्या गाडीने ठरवू नका. २०० ला जो चढ जड गेला तो आम्ही सोडून दिला आणि बांधाच्या कडेने फिरून गेलो. नवऱ्याला तो चढ हवा होता, तो त्याने नंतर एकट्याने केला. कुटुंबाची वाट ही लहान गाडीची वाट असली पाहिजे, आणि म्हणूनच दुसरी गाडी निवडताना तुमच्या नेहमीच्या वाटेवर सर्वांत अवघड जागा कोणती हे आधी ठरवा. आमच्यासाठी ती तो नाला होता. पाणी पायटांच्या खालीच असेल तरच पार करायचं. त्याहून खोल पाण्यात गेलात तर इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा भिजतो आणि घसरायला लागतो.

टेम्पोचं सांगते, कारण दोन गाड्या झाल्या की खरी अडचण तिथे येते. छोटा हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो, त्यात एक मोठी एटीव्ही ठेवली की संपलं. दोन गाड्यांसाठी लांब हौद्याची पिकअप लागते किंवा दोन टेम्पो, आणि हा खर्च दर वेळचा आहे. दोन्ही गाड्यांची लांबी-रुंदी टेपने मोजूनच टेम्पो ठरवा. फळी ठेवून चढवण्यापेक्षा काकांची रीत चांगली: टेम्पो बांधाला पाठीमागून लावायचा, हौदा आणि बांध एका पातळीत येतात. गाडी बांधायचे रॅचेटचे पट्टे चारही कोपऱ्यांना, सस्पेन्शन थोडं दबेल इतके आवळून. थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा आवळा.

हवा स्वतः तपासा. या टायरांमध्ये साधारण ५ ते ७ पीएसआय हवा असते, नेमका आकडा गाडीवर लिहिलेला असतो. पंक्चरवाला सवयीने तीसपर्यंत भरतो आणि गाडी दगडांवर चेंडूसारखी उडते. मोटारीच्या मीटरवर इतकी कमी हवा नीट वाचता येत नाही, कमी दाबाचा मीटर वेगळा घ्या. चेन असलेली गाडी असेल तर काळी माती ओली असतानाच धुवा, वाळली की सिमेंट होते. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धसकटं हाताने काढा, पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, पातळ पाती वाकतात.

स्वस्तातल्या बिननावाच्या ११०-१२५ च्या गाड्या इंदुरात सहज मिळतात. घेण्याआधी पट्टा, ब्रेकचे पॅड आणि कार्ब्युरेटर कुठून मिळणार ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरा. मुलांच्या मनगटाला बांधायची, ओढली की इंजिन बंद करणारी दोरी नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी नको.

आम्ही २०० घेतोय. रेसच्या दांडीपाशी वेग अडवणारा स्क्रू असतो, तो सुरुवातीला पूर्ण आत राहील. मुलगी नाल्याचा उतार सलग न घाबरता, ब्रेक न अडकवता उतरायला लागली की नवरा आणि मी मिळून तो थोडा सैल करू. मुलासाठी ११० भाड्याने किंवा त्याच ओळखीच्या घराकडून, शेतापुरती. त्याला हे आवडलेलं नाही, आणि मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवरून वाटेतले दगड नवऱ्याला आधी सांगायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं आहे.