डोळ्यातलं कुसळ

"मॅडम, खुरकूत आली. आबांच्या मेंढरांची सगळी खांड लाळ गाळायलीय. लंगडायलेत, चाऱ्याला तोंड लावंनात."

सकाळचे सहा वाजले होते, फोनवर सरपंच होते. दिवाळी होऊन बारा-तेरा दिवस झाले असतील. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून वर चढत गेलं की बालाघाटच्या माथ्यावर जी गावं लागतात, त्यातलं हे एक. त्या भागात पशुधन विकास अधिकारी म्हणून माझं चौथं वर्ष चालू होतं. लाळ्या खुरकूत म्हटलं की काय होतं ते मला माहीत होतं. जनावरांचा बाजार बंद होतो, दुधाची गाडी गावाबाहेरून जाते, पाहुणासुद्धा नको होतो. मी चहा घेईपर्यंत शेजारच्या दोन गावांतून फोन येऊन गेले, "आमच्या बैलांना कधी टोचता?"

बॅगेत नमुन्याच्या बाटल्या घेतल्या, थर्मामीटर घेतलं आणि धुण्याचा सोडा घेतला. खुरकुतीचा विषाणू बुटाला, टायरला चिकटून गाव बदलतो आणि चार टक्के सोड्याच्या पाण्यात मरतो. आमचे व्रणोपचारक आणि मी गाडी गावाबाहेरच ठेवली, बादलीत सोडा कालवला, बूट बुडवले आणि वाघरीकडं, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाकडं, चालत गेलो.

एकशे साठ मेंढरं. निम्मी उभी, निम्मी बसलेली. ओठांवरून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या. एक मेंढी पुढचा पाय टेकवायची, झटकायची, पुन्हा टेकवायची. आबा कुंपणाशी उकिडवे बसले होते. मला बघून उठले नाहीत, नुसते म्हणाले, "बाई, पाठीवर हात ठेवा. तीन दिसांत हाडं लागायलेत."

दिसत होतं ते सगळं खुरकुतीसारखंच होतं, हे मला आजही कबूल करावंसं वाटतं. पण ताप घेतला तेव्हा पहिल्या मेंढीला 102.6, दुसरीला 103, तिसरीला 102.8. मेंढीचं अंग एवढं गरम असतंच. दहा मेंढ्या तपासल्या, ताप एकीलाही नाही. ताप येऊन ओसरला असेल असं म्हणता आलं असतं. तेवढ्यात दोन कोकरं माझ्या पायांमधून उड्या मारत गेली. खुरकुतीत कोकरं सगळ्यात आधी जातात, विषाणू त्यांच्या काळजालाच धरतो, दूध पीत पीत कोकरू आडवं होतं. इथं तर कोकरांचा दंगा चालला होता.

"आबा, ही चरायला जातात का?"

"न्हाई. ती वाड्यावरच. त्यांना पाला टाकतो."

मग मी सरळ एका मेंढीचं तोंड उघडलं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बोट घातलं की मेंढी तोंड उघडते. फोड शोधत होते. जिभेवर फोड नव्हते, वरच्या हिरडीवरही नव्हते. पण जिभेखाली आणि गालाच्या आत तपकिरी, केसाळ असा काहीतरी बोळा अडकला होता. चिमट्यानं धरून ओढला तर तो सुटेना, हिरडी त्याच्याबरोबर वर येत होती. जोर लावला तेव्हा रक्ताबरोबर एकदम सात-आठ कुसळं बाहेर आली.

कुसळीची. डोंगरउतारावर, माळावर जिकडंतिकडं उगवणारी आपली कुसळी.

चालताना सॉक्सात शिरतं ते कुसळ आपण सगळ्यांनी उपटून फेकलेलं असतं, पण नीट बघितलेलं नसतं. ते मी त्या दिवशी तळहातावर ठेवून बघितलं. खाली बी, बियाचं टोक सुईसारखं. टोकाला बारीक ताठ केस, सगळे मागं वळलेले, म्हणून आत जाताना अडत नाही आणि बाहेर येताना सोडत नाही. वर बोटभर लांब काळपट शेपूट, दोरीसारखं पिळलेलं. सरपंच आणि चार पोरं भोवती उभी होती. मी त्या शेपटावर बाटलीतलं थेंबभर पाणी सोडलं. क्षणभर काही झालं नाही. मग ते शेपूट हळूहळू उलगडायला लागलं, आणि बी माझ्या हातावर गोल फिरायला लागलं. एक पोरगा "आरं तिच्या" म्हणून मागं सरकला.

ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो, आणि प्रत्येक फेऱ्याला टोक आत शिरतं. बियाला मातीत रुजायचं असतं, म्हणून ही सोय. पण मेंढीच्या तोंडातली लाळ, खुरांमधला घाम आणि पहाटेचं दव यांतला आणि ओल्या मातीतला फरक त्याला कळत नाही. ते तिथंही गिरमिटासारखं आत जात राहतं.

खुरकूत नाही म्हटल्यावर सरपंचांनी तिथूनच दोन्ही गावांना फोन लावले. मी मात्र मोकळी झाले नाही, कारण पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर मला माहीत होतं. "आबा, परवापर्यंत कुठं चारली?"

"कुरणात. चराईची पट्टी भरून."

ते कुरण म्हणजे गावचं चाळीस एकर गायरान. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिथं तरवड आणि दगड सोडून काही दिसत नव्हतं. जनावर तरवडाला तोंड लावत नाही, म्हणून माळावर तोच वाढलेला दिसला की समजावं, बाकीचं सगळं खाऊन संपलंय. ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव झाला तेव्हा त्याच्या बाजूनं सगळ्यात जास्त मी बोलले होते. लोकांनी ऐकलं. जूनपासून एक शेळी आत गेली नाही. गवत कमरेएवढं आलं, आणि ऑगस्टमध्ये मी तिथं उभं राहून फोटोही काढून घेतला होता. पण ते कापायचं कधी, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. राखायचं सांगितलं आणि निघून आले.

कापणी सोयाबीननंतर करू असं गावानं ठरवलं होतं. सोयाबीन निघालं, दसरा झाला, आणि कापणारे हातच गेले. बीडच्या या पट्ट्यातली घरंच्या घरं दसऱ्या-दिवाळीला ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. गवत उभंच राहिलं, पिकलं, कुसळावर आलं. दिवाळीनंतर पंचायतीनं विचार केला की वाया जाण्यापेक्षा मेंढरं सोडू, चार पैसेही येतील. या हिशेबात कुणाची लबाडी नव्हती.

सकाळी नऊला सुरू केलं ते अंधार पडेपर्यंत आम्ही कुसळं काढत होतो. तोंडं पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवायची, चिमट्यानं काढायचं, बोरोग्लिसरीन लावायचं. खुरांच्या बेचक्यात पू झाला होता, तो काढून आयोडीन भरायचं. पोटाखाली आणि मांड्यांच्या आत लोकर विरळ असते, तिथं कुसळं थेट कातडीत रुतली होती. काहींची पोटं कातरून घ्यावी लागली. चिमटा माझ्या हातात होता, पण खरं काम आबांच्या सूनबाईंनी केलं. त्या डोळे मिटल्यासारखे करून लोकरीतून बोटं फिरवायच्या, थांबायच्या, आणि म्हणायच्या, "हितं." तिथं कुसळ असायचंच. मी विचारलं कसं कळतं. म्हणाल्या, "बोटाला कळतं बाई, डोळ्याला न्हाई दिसत."

दुपारी एक मेंढी आणली. तिचा डावा डोळा मिटलेला, गालावर पाण्याचा ओघळ. पापणी उलटली तर कोपऱ्यात आडवं रुतलेलं कुसळ, आणि बुबुळावर दुधासारखा पडदा. डोळ्यातल्या कुसळाची म्हण मी हजार वेळा ऐकली आणि वापरली असेल, ते खरोखर पाहिलं त्या दिवशी. भुलीचे थेंब घातले, श्वास धरला आणि काढलं. डोळा वाचला. जबड्याखाली मोठं गळू झालेली एक मेंढी मात्र तिसऱ्या दिवशी गेली.

संध्याकाळी पारावर पोरं चिडलेली होती. "पेटवून देऊ मॅडम, एका काडीत विषय संपंल." मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. कुसळीचं बी तोवर फिरत फिरत मातीत जाऊन बसलेलं असतं, आगीचा झपाटा त्याच्या डोक्यावरून जातो. जाळलेल्या माळावर कुसळीच जोमानं उठते. जळतो तो वरचा पालापाचोळा, आणि उघडी पडलेली जमीन पहिल्या वळवाला वाहून जाते. शास्त्रज्ञांनी दख्खनच्या या सगळ्या गवताळ पट्ट्याला नाव दिलंय ते पवना आणि मारवेल या गवतांचं. आपल्या माळाची खरी गवतं ती. अतिचराईत ती आधी संपतात, कारण जनावराला तीच आवडतात. त्यांना परत यायला वेळ द्यावा लागतो, आग नाही.

त्या साली एवढंच केलं, की कुसळं गळून पडेपर्यंत मेंढरं आत सोडली नाहीत.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी दर आठवड्याला कुरणात जात होते. कुसळी मुळात वाईट गवत नाही, कोवळी असताना जनावर आवडीनं खातं. तुरा निसवायला लागला की कापायची, म्हणजे पाल्यात कस असतो आणि कुसळ अजून धरलेलं नसतं. पंधरा-वीस दिवस उशीर झाला की काडी कडक होते, कस उतरतो आणि टोकाला सुया येतात. शिवाय कारखान्यांच्या टोळ्या निघायच्या आधी हातही गावात असतात. उघडीप बघून भाड्याचे दोन ब्रश कटर आणि वीसेक विळे लावले. कापताना मी एकाच गोष्टीवर अडून बसले होते, की खाली मूठभर बुडखा ठेवायचा. पोरांना जमीन साफ दिसल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. पण नवा फुटवा त्या बुडख्यातूनच येतो, मातीलगत खरवडलं तर ठोंबच खचतो. गवत दोन दिवस पसरून, उलटवून वाळवलं, काडी वाकवली की कट्‌कन मोडते का बघितलं आणि मगच पेंढ्या बांधून गंज्या रचल्या. ओलं रचलं तर आतून तापतं, बुरशी धरतं. मोकळ्या जागी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आणलेली मारवेलची ठोंबं लावली, मध्ये स्टायलो या चाऱ्याच्या झाडाचं बी फेकलं.

ऑक्टोबरच्या शेवटी बुडख्यांना वीतभर हिरवा फुटवा आला होता. आबांची खांड त्यात पहिल्यांदा सोडली तेव्हा मी मुद्दाम गेले. सूनबाई संध्याकाळी प्रत्येक मेंढीच्या पोटाखालून हात फिरवत होत्या.

उत्तरेकडच्या कोपऱ्यातलं साडेतीन एकर कापायचं राहून गेलं होतं, शेवटच्या दोन दिवसांत पाऊस आला आणि मग टोळ्या गेल्या. तिथं आबांनी स्वतः बाभळीच्या फांद्या तोडून आडव्या लावल्या. मला म्हणाले, "माघापतूर हिकडं कुणाचं बी मेंढरू येऊ देत न्हाई, बाई. माझं बी न्हाई."