चेतकची पेट्रोलगळती: कॉकपासून फ्लोटपर्यंत

गाडी: आकुर्डीची जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर. तक्रार: रात्रभर उभी राहिली की फरशीवर तेलकट डाग, पार्किंगभर वास आणि सकाळी प्लग ओला.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. टाकी सीटखाली, कार्बोरेटर उजवीकडे इंजिनावर. पेट्रोल पाइपाच्या अंगाने ओघळतं आणि पार इंजिनाच्या तळाशी ठिबकतं. मात्र पेट्रोल उडून गेलं तरी त्यात लिटरला 20 मिली घातलेलं टू-टी ऑइल मागे राहतं, त्यामुळे माग काढता येतो. डिझेल आणि ब्रशने मळ काढायचा, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करायचं आणि प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरायची. ओल आली की पावडरीत गडद रेघ उमटते. रेघेचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

हे काम उघड्यावरच करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंद पार्किंगच्या फरशीवर साचून राहते.

पहिली पायरी, कॉक (टाकीतलं पेट्रोल बंद-चालू करायचा नळ) बंद करून खाली वर्तमानपत्र. तासाभरात ओल दिसली तर दोष टाकीत, कॉकच्या बुडाच्या पॅकिंगमध्ये किंवा कॉकच्या आतल्या रबरात. मग कॉक चालू, इंजिन बंद. आता गळलं तर पाइप, कार्बोरेटरवरचा बॅंजो (पाइप जोडणारं, स्क्रूने बसणारं गोल कडं) किंवा फ्लोट निडल (कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे पेट्रोलची वाटी, भरली की वर तरंगणाऱ्या फ्लोटने दाबली जाऊन पेट्रोल अडवणारी सुई). टाकी गळ्यापर्यंत भरल्यावरच गळत असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर बघा. 5 लिटर पेट्रोल 15 अंशांनी तापलं की सुमारे 70 मिली फुगतं. एप्रिलच्या उन्हात काठोकाठ भरलेली टाकी ओसंडणारच.

या गाडीत कॉक बंद असताना कागद कोरडा. चालू केल्यावर दोन जागा निघाल्या.

एक, पाइप. पारदर्शक प्लॅस्टिकचा होता. पेट्रोल त्यातला मऊपणा शोषून घेतं, पाइप कडक होतो आणि टोकाला चिरतो. त्यात क्लिपऐवजी तार आवळलेली, तिने चीर आणखी वाढवली. आता पंपावर ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यात जुनी रबरं फुगतात, म्हणून इथेनॉलला टिकणारा काळा रबरी पाइप घेतला. पुण्यात नाना पेठेत मीटरवर मिळतो. लांबी जुन्याएवढीच ठेवा: आखूड पडला तर टाकी बसवताना निसटतो, लांब झाला तर मुडपून पेट्रोल अडवतो.

दोन, फ्लोट निडल, आणि खरी गडबड हीच. निडलच्या टोकाला गोल चरा पडला होता, त्यामुळे बाऊल भरला तरी पेट्रोल थांबत नव्हतं. जादा पेट्रोल इंजिनाच्या पोटात उतरतं, उरलेलं कार्बोरेटरच्या पेटीत साचून कोपऱ्यातून झिरपतं. तपासायला फ्लोट लटकतो ते बाऊलचं झाकण काढून उलटं धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने निडल बसते, आणि बॅंजोच्या बाजूने फुंका. हवा गेली तर निडल बाद. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरलं नाही ना तेही बघा. निडल बदलली आणि फुंकर पूर्ण अडली.

बॅंजोवर कुणीतरी सिलिकॉन आणि टेफ्लॉन टेप लावून ठेवली होती. ही सवय सोडायला हवी. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, टेपचे धागे जाळीत आणि जेटमध्ये अडकतात. इथे दोन नवे फायबर वॉशर पुरतात. स्क्रू हाताने बसवून वर पाव फेरा, बस्स. खालचा धातू मऊ आहे, आटे लगेच जातात.

बाऊलचं झाकण जास्त आवळल्याने मधोमध किंचित वाकलंय. काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासलं की सपाट होतं, वर नवं कागदी पॅकिंग.

इंजिनात पेट्रोल भरलं असेल तर कॉक आणि स्विच बंद, प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून हळूहळू किका मारायच्या. गिअर ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर क्लचकडच्या ऑइल सीलवर संशय घ्या. या गाडीला आला नाही.

बाकी: टाकीच्या शिवणीजवळ गंजाचा फोड आहे, अजून ओल नाही. तिथे वेल्डिंग करायचं नाही, रिकाम्या टाकीतही वाफ उरते आणि ती पेट घेते. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात दुसरी टाकी शोधणं चालू आहे. घेताना बुडाला टॉर्च लावून आत बघायचं, उजेड दिसला तर ठेवून द्यायची.