तुम्ही विचारलंत म्हणून: पाडव्याची वही

"यंदाही वही नाही काढलीत?" चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हातात कैरीच्या डाळीची वाटी असताना हा प्रश्न येतो. लिफ्टमध्ये तर हमखास. "मार्च एंड असतो हो," म्हणून मी आजवर सुटत आलेय. अकाउंट्समध्ये असल्यामुळे ते खपतंही. २०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. तेव्हा तर खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. पण एकच सबब किती वर्षं पुरणार? तेव्हा एकदाच सांगून टाकते.

वही कसली, हे नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगवाल्यांना ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगायचं तर, गुढी उभी राहिली की मी लाल पुठ्ठ्याची वही घेऊन दारोदार फिरायचे आणि प्रत्येकाकडून वर्षाचा एक संकल्प लिहून घ्यायचे. एकच. एक जानेवारीचे संकल्प संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत संपतात, खरी सुरुवात चैत्रात, झाडांकडे बघा, असं मी वर ऐकवायचे. अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहून, हात वर करून. आठवलं की आता कानकोंडं होतं.

झाडांकडे मी तरी कुठे नीट बघितलं होतं? ठाण्यातला वसंत म्हणजे घामोळं, परीक्षा आणि जांभळी नाक्यावर आंब्याचे न परवडणारे भाव. कडुनिंब फाल्गुनात पिवळा पडून अंगणभर पानं गाळायचा आणि गाळता गाळताच तांबूस पालवी फुटायची. झाडणारी बाई वैतागायची. आम्ही फक्त पालवीचे फोटो काढायचो.

२०१८ साली पाडवा १८ मार्चला होता. माझ्या नावापुढे मी लिहिलं: "ठाम राहायचं." त्यामागे बरंच होतं. ऑफिसात दुसऱ्यांची कामं गळ्यात, घरी सासरच्या प्रत्येक कार्याचा हिशेब माझ्याकडे, आणि सोसायटीत मी खजिनदार, म्हणजे शिव्या खायची हक्काची जागा. चाळिशी उलटली तरी "नाही" म्हणताना माझा आवाज चिरकायचा. तर ते बदलायचं ठरवलं. आणि बदललं. लोकांचे संकल्प मोडतात, माझा पार पडला. दुखणं तेच आहे.

त्याच वर्षी पुनर्विकासाची विशेष सर्वसाधारण सभा झाली. तळमजल्यावरच्या काकू सहसा सभेला यायच्या नाहीत. त्या दिवशी आल्या. पार्किंगच्या मुद्द्यावर भांडण चालू असताना त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झाडाचं काय?" एवढंच. मी माइक घेतला आणि म्हणाले, "काकू, हा विषय अजेंड्यावर नाही. बसा तुम्ही." आवाज जराही चिरकला नाही. त्या बसल्या. पदराने चष्मा पुसत राहिल्या. सभा वेळेत संपली. जिन्यात तिघाचौघांनी सांगितलं, आज शोभलीस. मी घरी आले आणि वही काढून माझ्या ओळीपुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली.

ती खूण अजून आहे.

आता तुम्ही म्हणाल, बिल्डिंग पडायला आली होती. आलीच होती. १९७४ चं बांधकाम, दुसऱ्या मजल्याचा छज्जा भर दुपारी खाली आला, तिथे पाच मिनिटांपूर्वी मुलं खेळत होती. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघाली की आमची छाती धडधडायची. पुनर्विकास चुकला असं मी आजही म्हणणार नाही, आणि झाडाच्या नावाने मला कोणी गुन्हेगार ठरवायला आलं तर त्यांना मी तो छज्जा दाखवीन. पण नकाशा दोन मीटर सरकवता आला असता का, हे मी आर्किटेक्टला विचारलंच नाही. एक फोन होता. ठाम माणसं असे फोन करत नाहीत, अशी माझी समजूत होती. झाडाच्या बुंध्यावर नोटीस लागली, हरकतीसाठी सात दिवस होते. काकूंनी काही लिहून दिलं नाही. मला वाटलं, बघा, त्यांचंही फार काही नव्हतं.

झाड तोडलं नाही, पुनर्रोपण झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये फांद्या छाटून, मुळांभोवती गोणपाट बांधून क्रेनने उचललं आणि घोडबंदर रोडच्या बाजूला एका मोकळ्या जागेत लावलं. ६ एप्रिलला, पाडव्यालाच, मी मुद्दाम रिक्षा करून बघायला गेले. बोडक्या खोडावर तांबूस कोंब! मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आपलं झाड जगलं. नवीन वर्षाच्या शुभेच्छा." अंगठ्यांचा पाऊस पडला. काकूंचा अंगठा नव्हता, हे मी तपासलं होतं.

हे मला नंतर कळलं: झाडाच्या खोडात साठवलेलं अन्न असतं. मुळं तुटली तरी त्या शिलकीवर ते एकदा फुटतं. पाणी पिणारी बारीक मुळं राहिली होती आमच्या अंगणातल्या खड्ड्यात. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ती आवक नव्हती, मुद्दल मोडून केलेला खर्च होता. दिवाळीपर्यंत खोड वाळलं. त्याचा फोटो मी टाकला नाही.

पुढचा पाडवा २५ मार्च २०२०, लॉकडाउनचा पहिला दिवस. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलेलो. सकाळी आठला काकूंचा फोन. "अगं, कडुनिंबाचा पाला आहे का तुझ्याकडे? इथे कुठे मिळेना. तुला माहीत असेल म्हणून विचारलं." मी म्हटलं, नाही काकू. त्या म्हणाल्या, "बरं. काळजी घे." त्यांनी साधं विचारलं की मला टोचलं, मला अजून कळलेलं नाही. नुसत्या गुळाचा खडा तोंडात टाकला. वही कपाटातून काढलीच नाही.

आमचे हे म्हणतात, एका झाडापायी किती? २०१८ मधली मी असते तर म्हणाले असते, भावनेच्या आहारी जाऊ नकोस. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही. ठामपणा मला हवाच होता. ऑफिसात तो आजही कामी येतो आणि मी तो परत करणार नाही. पण स्वतःला वाढवायला निघालं की आपण कुणाच्या अंगणात वाढतोय ते दिसत नाही, हे तिला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर? तिने त्यालाही "बसा तुम्ही" म्हटलं असतं. म्हणून तुमच्या पोरांकडून संकल्प लिहून घ्यायला मला जमत नाही. तुम्ही करा, खुशाल करा. वही हवी तर देते, माझं पान सोडून.

नव्या बिल्डिंगचा ताबा २०२३ च्या अक्षय्यतृतीयेला मिळाला. पोडियमवर कुंड्यांत पाम आहेत. गेली काही वर्षं पाडव्याला पहाटे माझ्या दाराच्या कडीला कडुनिंबाची डहाळी अडकवलेली असते. कोण अडकवतं हे मला माहीत आहे. मी पाला धुते, गूळ, जिरं, हिंग आणि भिजवलेली डाळ घालून वाटते, घरात सगळ्यांना देते. त्याबद्दल आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. लिफ्टमध्ये भेटलो की त्या "काय गं, बरी आहेस ना?" म्हणतात आणि मी "हो काकू" म्हणून आकड्यांकडे बघत राहते. त्या नवव्या मजल्यावर उतरतात. मी बाराव्या.