टाचेची शीर, पौषातली थंडी आणि 800 मीटर

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला "सध्या पळू नको" असं सांगितलं की तिच्या पोटात काय होतं, ते ग्राउंडवर घाम गाळलेल्यालाच कळेल. मैदानी चाचणीचे 50 गुण. त्यात 100 मीटर आणि गोळाफेक 15-15 चे, आणि 20 एकट्या 800 मीटरचे. ते पूर्ण हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत यावं लागतं. माझं टायमिंग तिथवर येत होतं आणि नेमकी तेव्हाच उजव्या टाचेमागची शीर धरली.

पावसाळ्यात शाळेचं मैदान चिखलाचं होतं, म्हणून आमची अख्खी बॅच डांबरी रस्त्यावर पळायची. त्यातच वेगाचे राऊंड वाढले. आधी नुसतं अवघडायचं, दिवाळीनंतर मात्र खाटेवरून उतरून पहिली पावलं टाकताना भिंत धरावी लागायची. वर्ध्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर ती शीर चिमटीत धरून दाबली आणि मी कळवळले. अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी दोरी, म्हणाल्या. तुटलेला नाही, पण सोसेल त्याहून जास्त भार पडलाय. नुसती विश्रांती घेतली तर दुखणं थांबेल, शीर मात्र कमजोरच राहील आणि पळायला लागलीस की पुन्हा धरेल. तिला भार देऊनच मजबूत करावं लागतं.

तो भार द्यायला घराच्या ओट्याची पायरी पुरली. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, चांगल्या पायाने वर उचलायचं आणि दुखऱ्या पायाने टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा ताठ ठेवून 15 चे तीन सेट, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढेच. सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी 1998 मध्ये हा क्रम मांडला, असं मॅडमनी सांगितलं. पुढे तो सोपा वाटायला लागला की पाठीवर वजन घ्यायचं. मी भावाच्या जुन्या दप्तरात आधी एक वीट टाकली, मग दुसरी. दप्तराचे पट्टे खांद्यात रुतायचे आणि खाली जाताना पोटरी थरथरायची.

आजी रोज बघायची. "सकाऊन सकाऊन लंगडते वं माय, थंडी भरली तुह्या पायात." ती फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटेने शेकून द्यायची. शेकल्याने शीर बरी होत नाही हे मला माहीत होतं, पण जखडलेपण कमी व्हायचं आणि त्यानंतर पायरीवर उभं राहणं सोपं जायचं. मी तो शेक कधी टाळला नाही.

पौष लागला तशी थंडी वाढली. आपल्याकडची थंडी कोरडी. आभाळ स्वच्छ असलं की रात्रीतून पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी पुन्हा स्वेटर काढावं लागतं. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश नोंदले गेले होते, ती पहाट मला अजून आठवते. आमच्या बॅचमध्ये पहाटे पाचला हजर असणं म्हणजे जिद्द. अशा थंडीत, रातभर आखडलेली शीर घेऊन पहाटे वेगाने पळायला माझा मात्र साफ विरोध आहे. भरतीच्या पोरींना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

वेळ बदलायचं बाबांनी सुचवलं. वावरातल्या पंपाची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असायची, त्यामुळे हरभऱ्याचं ओलित करून ते उजाडताना घरी यायचे, हातपाय गारठलेले. एकदा चुलीजवळ बसून म्हणाले, "बाई, दुपारी ये नं वावरात. पांदण आता वाळली आहे, ऊनही असते. तिथं पळ."

तेव्हापासून मी दुपारी पळायला लागले. सुरुवातीला एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं. मॅडमचा नियम असा, की दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं. पळताना तीन-चारपर्यंत चालेल. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावरचं जखडलेपण कालच्याइतकंच असेल तर आदला भार सोसला, जास्त असेल तर पुढच्या वेळी कमी करायचं. आणि दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस सोडायचाच, कारण भारानंतर शिरेची झीज आधी होते आणि भरणी नंतर.

हा नियम पाळणं अवघड असतं, कारण पळताना शीर गरम झाली की काहीच दुखत नाही. एका दुपारी पाय असा हलका पडत होता की पांदणीच्या टोकापर्यंत सुसाट जावंसं वाटलं. बाजूच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांमधून काकूंनी आवाज दिला, "काऊन वं, इतकी हळू पळून राह्यली? तू तं पहिली येत होती!" डोळ्यांत पाणी आलं. तरी घड्याळात मिनिट संपलं आणि मी चालायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उतरून सरळ मोरीपर्यंत गेले, भिंतीला हात न लावता. आई चहा गाळत होती. तिने मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं, बोलली काहीच नाही, पण कपात साय टाकून दिली.

चालण्याची मिनिटं हळूहळू संपली. मग जागच्या जागी उड्या, मग एका पायावर उड्या, आणि त्या बिनदुख्या जमल्यावरच वेग. मैदानावर वळणं आली की मी दर वेळी दिशा बदलायचे, म्हणजे एकाच पायावर ताण येत नाही.

पण भरतीचं ग्राउंड बहुतेक पहाटेच सुरू होतं, तिथे दुपार मागता येत नाही. म्हणून शेवटी पहाटेची सवय करावीच लागली. आता आठवड्यातून एकदा बॅचसोबत पाचला जाते. आधी घरीच वीटेचा शेक, मग जाड मोजे आणि दोन पँट चढवून पंधरा मिनिटं हळू जॉगिंग, भिंतीला धरून टाचा उचलणं, शेवटी थोडे लांब टप्पे. वरची पँट राऊंडच्या अगदी आधी काढते. सर आता शिट्टीआधी माझ्यासाठी थांबतात. बॅचमधल्या दोघी, ज्यांच्या नळ्या दुखतात, त्यासुद्धा माझ्याबरोबर टाचा उचलायला लागल्या आहेत. मागच्या वेळी 2 मिनिटं 58 सेकंद लागले. आठ सेकंद अजून कमी करायचे आहेत, आणि विटांचं दप्तर अजून ओट्यावरच आहे.