माइकला खोली ऐकू येते

आपल्या कानांना एक फार सोयीची खोड आहे. समोरचा माणूस बोलत असताना त्याचा आवाज भिंतीवरून, छतावरून, टेबलावरून उसळून परत येत असतो. ते सगळे तुकडे कान मूळ आवाजात मुकाट्याने मिसळून टाकतात आणि आपल्याला वाटतं, आपण फक्त माणूस ऐकतोय. माइकजवळ हा मोठेपणा नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते तो निमूट लिहून घेतो. म्हणून घरात वावरताना गुणगुणलेली ओळ छान वाटते, आणि तीच रेकॉर्ड करून ऐकली की कुणीतरी घागरीत तोंड घालून गातंय असं वाटतं. मग माणूस गळ्याला दोष देतो, नाहीतर महागडा माइक शोधायला लागतो. गुन्हेगार बहुतेक वेळा खोलीच असते. तीही गात असते, आणि बेसूर गात असते.

साधं टेबल घ्या. माइक आणि ओठ, दोन्ही टेबलापासून ४० सेंटिमीटर उंच, मध्ये अंतर २० सेंटिमीटर. आवाज एकदा सरळ माइकात जातो आणि दुसऱ्यांदा टेबलावर आपटून, सुमारे ६२ सेंटिमीटर जास्त चालून येतो. उशीर दोन मिलिसेकंदही नाही. एवढ्यात प्रतिध्वनी कुठला ऐकू यायला? पण दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात आणि २७५, ८२५, १३७५ हर्ट्झ अशा ठरावीक जागी एकमेकींना खातात. आलेख काढला तर थेट कंगव्याचे दात दिसतात. नेमका याच पट्ट्यात माणसाच्या आवाजाचा गाभा असतो. तिथे खड्डे पडल्यावर वरून कितीही चमक चढवा, आवाज पोकळच राहतो. उपाय मात्र घरगुती आहे: टेबलावर जाड ब्लँकेटची चौपदरी घडी. त्याहून बरं म्हणजे टेबल सोडून स्टँडसमोर उभं राहणं. गाण्याचा कागद ज्यावर ठेवतो तो सपाट स्टँडही हाच खेळ करतो, त्याला थोडा तिरका करावा.

घोंगडी टांगायची ती कुठे, यावर भल्याभल्यांची फसगत होते. सगळे माइकच्या मागची भिंत झाकतात. पण घरात वापरतात ते बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, समोरचं ऐकणारे आणि पाठीमागे जवळजवळ बहिरे. मागच्या भिंतीवरून येणाऱ्याकडे ते तसंही कमी लक्ष देतात. त्यांचं तोंड असतं गाणाऱ्याकडे, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची उघडी भिंत त्यांना स्वच्छ ऐकू येते. म्हणून पहिली रजई आपल्या पाठीशी हवी. ती भिंतीला चिकटवू नये, १०–१५ सेंटिमीटर पुढे टांगावी. भिंतीला लागून हवेची हालचाल जवळपास थांबलेली असते आणि कापूस जे खातो ती ही हालचालच. भिंतीवर चिकटवलेला दोन-तीन सेंटिमीटरचा फोम नुसती वरची चकाकी शोषतो, खालचा घुमारा जसाच्या तसा. खोली मेल्यासारखी वाटते आणि आवाज तरीही डब्यातला. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडं टाकून त्याकडे पाठ करून उभं राहणं केव्हाही चांगलं. कपाटात शिरू मात्र नये. खोलीचा कोपराही टाळावा, खर्ज तिथे साठून राहतो.

खोली आवरायची सोय नसेल तर जवळ या. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा मात्र फारसा हलत नाही. एक वीत हे मोजमाप इथे अगदी चपखल बसतं. चार बोटांवर आलात की कार्डिऑइडचा दुसरा स्वभाव जागा होतो: खर्ज फुगतो. निवेदकाला तो भारदस्तपणा आवडतो, पण गाण्यात शब्द जाड होतात. अंतर धरून ठेवणं ही खरी कसरत. तार सप्तकात जाताना वीतभर मागे सरायचं आणि हळू ओळीला पुढे यायचं, हे जमलं की पुढचं निम्मं काम वाचतं.

आता तोंडापुढे तळहात धरा आणि म्हणा: पळ, फळ. मग बाग, भाग. इंग्रजी पुस्तकं ‘प’च्या धक्क्याविषयी पानंच्या पानं लिहितात, कारण त्यांचा शब्दारंभीचा ‘प’ हवेचा फुत्कार सोडतो. आपला ‘प’ सज्जन आहे. आपल्याकडे त्रास देतात ते महाप्राण: फ, भ, ख, थ. हा झोत माइकच्या आतल्या पातळ पडद्यावर आदळला की ‘धप्प’ उमटतं आणि पुसता पुसत नाही. पॉप फिल्टर, म्हणजे हा झोत अडवणारी जाळी, माइकपासून चार बोटांवर लावावा. माइक नाकाच्या उंचीवर घेऊन ओठांकडे किंचित झुकवला, किंवा तोंडाच्या कोपऱ्याकडे ३० अंश सरकवला, तर झोत बाजूने निघून जातो. याच तिरकेपणाने ‘स’ आणि चाकातला ‘च’ यांची धारही बोथट होते. ती ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते आणि कंडेन्सर माइकला, म्हणजे वीज लागणाऱ्या, बारीकसारीक टिपणाऱ्या माइकला, ती फार आवडते. कंडेन्सरवरून आठवलं: त्यातले बरेच बाजूने ऐकतात, टोकाकडून नाही. आइस्क्रीमच्या कोनासारखं त्यांच्या डोक्यात गाणारे कमी नाहीत. बोलत बोलत माइकभोवती फिरून बघावं, खरी बाजू लगेच कळते.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायचा राहतोच, म्हणून घराच्या किल्ल्या त्याच्यातच ठेवाव्यात. बाहेर पडताना आठवण होते. सॉफ्टवेअरने गुणगुण काढता येते, पण जास्त काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना ‘हॅलो, चेक’ म्हणू नये. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीने म्हणावी आणि शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावं; शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा. रेकॉर्डिंग २४ बिटचं, म्हणजे बारीक मोजमापाचं, असेल तर कमी पातळीने काही बिघडत नाही. शून्याला टेकून कापलेली लाट मात्र पूर्ववत होत नाही. हेडफोन बंद कपांचे हवेत, नाहीतर त्यातला ठेका माइकात झिरपतो. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की सूर ढळतो, तेव्हा इंटरफेसवरचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्यावरचं) थेट मॉनिटरिंग वापरावं, म्हणजे आवाज संगणकात फिरून न येता सरळ कानात येतो.

नंतरच्या सफाईत हात आखडता असावा. ८० हर्ट्झच्या खालचं कापावं, बारीक आवाजाला १०० पर्यंत चालतं. ३०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवून बघावं. बऱ्याचदा ‘स्पष्टपणा वाढवा’ म्हणून जे मागितलं जातं ते इथेच मिळतं, ३ किलोहर्ट्झ चढवावंच लागत नाही. कंप्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार कमी करणारं साधन, ३:१ वर (मर्यादेवरचे तीन डेसिबल एकावर आणणारा) ठेवून तीन-चार डेसिबल दाबला की पुरे. तो मोठं दाबतो, मग सगळं वर उचललं जातं आणि दोन शब्दांमधली खोली पुन्हा डोकं वर काढते. रजया कमी पडल्या असतील तर त्या इथे उघड्या पडतात.

आणि एवढं करून खोली हाकलली की शेवटी माणूस रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावतो! विसंगती वाटते, पण ही खोली आपण निवडलेली असते आणि तिला थांबवून ठेवता येतं. प्री-डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर, २० ते ३० मिलिसेकंद ठेवला की ‘भ’ आधी पोचतो, घुमारा त्याच्यामागून येतो.