फौजेतलं नाव

नोव्हेंबर लागला की माझ्या सेवा केंद्रापुढच्या बाकड्यावर म्हातारी माणसं सकाळी आठपासून येऊन बसतात. निवृत्त गुरुजी, एसटीतले, पाटबंधारेतले, कुणी नवऱ्याच्या पेन्शनवर जगणारी आजी. काम सगळ्यांचं एकच, हयातीचा दाखला. निलंगा तालुक्यात नऊ वर्षं मी हे केंद्र चालवते. 2014 साली हा दाखला 'जीवन प्रमाण' या नावानं ऑनलाइन झाला, त्याआधी याच माणसांना बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहावं लागायचं. आता माझ्यासमोर बसतात. पण आपण जिवंत आहोत हे दाखवायला यायचं, त्यातला ओशाळलेपणा तसाच राहिलाय. मला तो दरवर्षी दिसतो.

ही गोष्ट 2024 च्या नोव्हेंबरातली. एका पोराचा फोन आला. "ताई, आमच्या आजोबाला खुब्यामुळं उठता येईना. मशीन घेऊन शेतात याल का? मागच्या साली तीन महिने पेन्शन अडकली होती." मागच्या साली कुठल्याशा केंद्रावर फॉर्म भरताना पेन्शन देणारा म्हणून बँकेचं नाव निवडलं होतं. फौजेतल्या माणसाची पेन्शन आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, तिथं 'स्पर्श' च निवडावं लागतं. एवढ्या एका टिचकीनं माणूस कागदावर मेला. हे ऐकल्यावर मी दुसरं काही विचारलं नाही. दुपारी केंद्र बहिणीवर सोडलं आणि लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन घेऊन स्कूटीवर निघाले.

गाडीवाट संपते तिथं आखाडा, म्हणजे शेतातलं घर. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लिंब, लिंबाखाली देवणी गाय. सोयाबीनची रास होऊन गेली होती. त्या वर्षी हमीभाव 4892 रुपये जाहीर झालेला आणि आडतीत माल त्याच्या कितीतरी खाली चाललेला, म्हणून अर्धी पोती खोलीतच थप्पी लावून ठेवलेली. रानात तूर फुलावर होती. आप्पा बाजेवर ताठ बसले होते. पांढरं धोतर, वर खाकी स्वेटर, दाढी घोटलेली.

"बस माय. पाणी घे. ऊन लई हाय," म्हणाले.

सातारा-कोल्हापूरकडं घरटी एक फौजी असतो म्हणतात. आमच्याकडं तसं नाही. आमचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, इकडं पलटणीत जायची वाटच फारशी रुळली नाही. म्हणून जो एखादा गेला, त्याला गाव आयुष्यभर 'मेजर' म्हणतं. आप्पा 1969 साली एका मित्राबरोबर भरतीला गेले. मित्र छातीत नापास झाला, हे घेतले गेले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला ट्रेनिंग, मग जंगी पलटण, म्हणजे तिथलीच पहिली बटालियन. सतरा वर्षं नोकरी करून 1986 ला हवालदार म्हणून घरी आले आणि तेव्हापासून हेच पाच एकर कोरडवाहू.

मशीन लावलं. उजवा अंगठा घेतला नाही. डावा नाही. मग तर्जनी, मधलं बोट. आम्हाला याची सवय आहे. हात धुवायला लावायचे, बोट कपाळावर घासायला सांगायचं, व्हॅसलिन लावायचं. सगळं झालं. शेवटी मी त्यांचा हात हातात घेऊन उजेडात धरला. बोटाच्या पेरावर रेषाच नव्हत्या. नांगराची मूठ, विळा, कासरा यांनी कातडं घासून गुळगुळीत झालेलं, मध्ये उभ्या भेगा, भेगांत काळी माती. मशीन बिचारं काय वाचणार.

"अंगठा ऱ्हायला न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या आप्पा. चेहऱ्यावर करू."

चेहऱ्याचं ॲप आल्यापासून फार सोपं झालंय. आधी माझा चेहरा घेतला, मग त्यांच्यासमोर मोबाइल धरला. यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते, म्हणजे कॅमेऱ्यासमोर फोटो धरलेला नाही हे ॲपला कळतं. पण मोबाइल समोर आला की आप्पा सावधानमध्ये जायचे. मान ताठ, नजर समोर, पापणी हलत नाही. दोनदा वेळ संपून गेला. तिसऱ्या वेळेस आजी दारातून म्हणाल्या, "आवं, डोळं मिटा म्हणायलीय ती पोरगी." त्यांच्या आवाजाला आप्पांनी डोळे मिटले, उघडले, आणि झालं. नंबर आला. 'स्पर्श' निवडलंय हे मी त्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, नातवालाही दाखवलं.

माझं काम संपलं होतं. चहा आला. मी सवयीनं विचारलं, "आप्पा, आजींचं नाव, जन्मतारीख सगळीकडं सारखी आहे ना? पुढं अडचण नको." हे मी प्रत्येक फौजी पेन्शनरला विचारते. कारण माणूस गेल्यावर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं तर फौजेच्या रेकॉर्डमधलं तिचं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. न जुळल्यामुळं दुःखाच्या दिवसांत हेलपाटे मारणाऱ्या बाया मी पाहिल्यात. एक तर वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी मारत होती.

आप्पा काही बोलले नाहीत. नातवाला खुणावलं. त्यानं आतून काळी पत्र्याची पेटी आणली. झाकणाला मोठा पोचा होता. 1993 च्या भूकंपात गावातलं दगडमातीचं माळवद बसलं, तेव्हा ढिगाऱ्याखालून निघालेली ही पेटी. तेव्हाच कुटुंब शेतात राहायला आलं ते आलंच. पेटीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, आणि रुमालात बांधलेली मेडलं. पूर्वी स्टार, संग्राम मेडल. फिती कसरीनं खाल्लेल्या.

डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव पाहिलं आणि आजींचं आधार पाहिलं. दोन वेगळ्या बायका. आधारवर देवीचं नाव, फौजेत नदीचं. जन्मतारखेचा घोळ मी समजू शकते, आमच्याकडं निम्म्या गावाची तारीख 1 जून, कारण शाळेत गुरुजींनी तीच टाकली, आणि उरलेल्यांची आधारवाल्यांनी 1 जानेवारी केली. पण नाव?

"क्लार्कनं चुकवलं का आप्पा?"

"न्हाई. मीच सांगितलं तसं."

एवढं बोलून ते गप्प झाले. आजी चुलीकडं गेल्या. नातू माझ्याकडं बघायला लागला, त्यालाही हे नवीन होतं. बऱ्याच वेळानं, तुरीकडं बघत, आप्पा तुटक तुटक बोलले ते असं. लग्न 1970 च्या उन्हाळ्यातलं, रजेत. मुलगी गोदाकाठची, पंधरा वर्षांची. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायला लावलं, ते वडिलांनी आधीच ठरवलं होतं, कुलदेवीचं. त्यांनी लिहिलं. रात्री पोरगी रडत बसलेली. आई आठवते का विचारलं तर म्हणाली, "आई न्हाई आठवत. माझं नाव गेलं." तिची आई लहानपणी गेलेली, नाव तिनं ठेवलेलं. "मी म्हणलं, घरात ऱ्हाऊ दे घरच्यांचं. सरकारात तुजं तुजंच लावतो. आन रजा संपल्यावर जाऊन तसं लावलं."

आमच्याकडं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. आप्पांनी चोपन्न वर्षांत हे नाव मोठ्यानं घेतलेलं नाही आणि आजींनी त्यांचं. माझ्यापुढंही दोघांनी घेतलं नाही. फौजेच्या त्या एका ओळीत मात्र ते होतं.

एकाहत्तरच्या युद्धाचं मी विचारलं, कारण समोर मेडल होतं. त्यांनी फार सांगितलं नाही. कमालपूरचं ठाणं पडलं, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं जाऊन बसले, 10 डिसेंबरच्या रात्री आतली पाकिस्तानी बलुच पलटण बाहेर पडायला निघाली ती नेमकी यांच्याच मोर्च्यावर आली. "सकाळी धुकं होतं. मोजायची वेळ आली तवा उजाडू ने वाटलं." जमालपूर पडलं, सोळा तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्र्याण्णव हजार युद्धकैदी, हे आपण शाळेत वाचतो. आप्पांनी तो आकडा काढलाच नाही. आपल्या सेक्शनमधल्या एका बेळगावकडच्या पोराचं नाव घेतलं आणि थांबले.

पण पुढचं ते न विचारता बोलले. जानेवारी 1973. रजा मिळाली, कुर्डुवाडीहून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं लातूरला उतरले. घराकडं निघाले तर वाटेत खडी केंद्र. बहात्तरचा दुष्काळ. शेकडो माणसं उन्हात बसून दगड फोडतायत, पोरांना सुकडी वाटणं चाललंय. युनिफॉर्म बघून माणसं वर बघायला लागली. एका ढिगापाशी आई होती, आणि शेजारी तोंडाला पदर बांधून ही.

"मला वळखू आली न्हाई," आप्पा म्हणाले. "हिनं हातुडी खाली ठिवली न्हाई. मुकादम मोजायला यायचा होता."

आजी तोवर परत आल्या होत्या. डाव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. नख अर्धंच, वाकडं वाढलेलं. "हे तवाचंच. ह्यास्नी बघितलं आन हातुडी बोटावर बसली." मग हसल्या. "घरी लाल मिलो जोंधळ्याच्या भाकरी. ह्यास्नी ताटात वाढायची लाज वाटली मला." त्यांच्या अंगठ्यावर मशीन लावून बघायची मला गरज नव्हती.

मोठा मुलगा हरभरा पेरून आला. त्याला सगळं सांगितलं. तो व्यवहाराचा माणूस, त्याचं चूक नव्हतं. म्हणाला, "ताई, फौजेतलंच बदला. आधार, रेशन कार्ड, मतदान कार्ड, बँक, चार ठिकाणी एक नाव हाय. एका ठिकाणचं बदलायला काय?" खरं तेच होतं. प्रतिज्ञापत्र करायचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. दुसरा रस्ता लांबचा. शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणायचा, त्यावर आधार, मग बाकीचे तीन कागद. दोन्ही रस्ते मी मांडले, खर्च सांगितला, हेलपाटे सांगितले. पहिला सोपा आहे हेही सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

इतकी वर्षं हे का अडलं होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्वेटरची गुंडीसुद्धा न चुकवणारा हा माणूस विसरला नव्हता. बदलायला गेलं तर दिलेला शब्द खोडावा लागणार, आणि न बदलावं तर आपल्यामागं ती हेलपाटे घालणार. दोन्हीकडून बायकोचंच नुकसान.

"तुमी म्हणाल तसं," ते आजींना म्हणाले. नातू मला नंतर म्हणाला, आजोबा आजीला तुम्ही म्हणाले हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं.

आजींनी कपबश्या गोळा केल्या. विसळल्या. पालथ्या घातल्या. लेक काहीतरी बोलायला लागला तर हात वर करून थांबवलं.

"फौजेतलं ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "ह्या चार जागचं बदला."

"आई, लई फिरावं लागंल."

"फिरू की. तुजा बाप बरमपुत्रा वलांडून गेला, मला निलंग्याला जायला काय झालं?"

नातू हसला. त्याचं स्वतःचं अग्निवीरचं चाललेलं आहे, पहाटे डांबरी सडकेवर सोळाशे मीटर पळतो. चार वर्षं नोकरी, त्यातली चौथाई पोरं पुढं कायम, बाकीची घरी, पेन्शन नाही. त्याला हे सगळं पाठ आहे आणि तरी तो पळतो. आजीच्या हेलपाट्यांना मोटारसायकल मी नेतो म्हणाला.

मी वही काढली. अर्जासाठी लागणारं सगळं उतरून घ्यायला लागले. जुनं नाव या रकान्यात देवीचं नाव लिहिलं. नवीन नाव या रकान्यात नदीचं. एकोणसत्तर वर्षांच्या बाईचं जन्मतः मिळालेलं नाव 'नवीन' म्हणून लिहिताना माझा हात जरा थांबला.

मग अडचण आली सहीची. आजी साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेल्या, पण ती सासरच्या नावाची. अंगठा चालतो, मी म्हणाले. त्यांना अंगठा नको होता.

आप्पांनी माझ्याकडून पेन मागून घेतला. सोयाबीनच्या आडत पट्टीची मागची बाजू मांडीवर घेतली आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत चार अक्षरं लिहिली. पलटणीत शिकलेलं अक्षर, एकसारखं, ताठ. आजी बाजेशेजारी खाली बसल्या. कागद गुडघ्यावर घेतला. तुटक्या नखाच्या बोटानं कागद दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्या अक्षरांखाली गिरवायला लागल्या. तिसऱ्या अक्षरापर्यंत नीट आलं. चौथ्याची वेलांटी दोनदा उलटी गेली. आप्पा वरून वाकून बघत होते, खुब्याचं दुखणं विसरून.

मी निघाले तेव्हा त्या चौथ्या अक्षरावरच होत्या.