बाबांची सोनोग्राफी, आईचा एमआरआय

बाबांना जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं, डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. घरात लगेच चर्चा सुरू. काका म्हणाले, अरे सोनोग्राफीत काय दिसतंय, डायरेक्ट सीटी करून टाका ना, एकदाच काय ते कळेल. आणि मला ते पटलं होतं. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात एक उतरंड असते ना, की सगळ्यात खाली एक्सरे, त्यावर सोनोग्राफी, मग सीटी आणि सगळ्यात वर एमआरआय, म्हणजे जेवढं मोठं मशीन तेवढं जास्त दिसणार.

सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमना मी विचारलंच, की सीटी करायला हवा होता का. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पित्ताशय काळं दिसत होतं, त्यात एक पांढरा ठिपका आणि ठिपक्याच्या मागे सरळ काळा पट्टा. म्हणाल्या हा खडा, आणि ही त्याची सावली, कारण आवाजाच्या लाटा खड्यावर आपटून परत येतात, पलीकडे जातच नाहीत. मग बाबांना कुशीवर वळायला लावलं तर तो खडा चक्क घरंगळला. कोलेस्टेरॉलचे बरेच खडे सीटीमध्ये आजूबाजूच्या पित्तासारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत, त्यामुळे या कामाला सोनोग्राफीच भारी. उपाशीपोटी का बोलावतात तेही तेव्हा कळलं, खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आत नीट बघता येत नाही. आणि ते गार जेल लावतात कारण हवेतून या लाटा पुढे सरकतच नाहीत, म्हणून तर पोटात गॅस असला की डॉक्टर वैतागतात.

एक्सरे आणि सीटी मात्र सख्खे भाऊ, दोन्हीत किरण तेच. एक्सरे शोधणाऱ्या राँटगेनने 1895 मध्ये बायकोच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि अंगठी. त्यातलं तत्त्व आजही तेच आहे, हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून हाड पांढरं, फुप्फुसात हवा म्हणून ते काळं. अडचण एवढीच की पुढचं मागचं सगळं एकाच फिल्मवर एकमेकांवर चढतं. सीटीमध्ये ट्यूब शरीराभोवती फिरते आणि कॉम्प्युटर हिशोब करून आडवे काप दाखवतो, पावाचे स्लाइस असतात तसे. 1971 मध्ये लंडनला पहिल्या पेशंटचा मेंदू असा बघितला गेला, आणि सीटीचं तंत्र शोधणाऱ्या हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना 1979 मध्ये नोबेल मिळालं.

सीटीची खरी ताकद वेग. कुणाचं तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, तर आधी सीटीच करतात, कारण पहिला प्रश्न असतो की मेंदूत रक्तस्राव झालाय, की रक्ताची गुठळी अडकलीय? ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं, मिनिटांत कळतं. रक्तस्राव असेल तर गुठळी विरघळवायचं औषध देताच येत नाही. अशा वेळी "एमआरआय का नाही केला" म्हणून डॉक्टरांशी भांडू नका प्लीज, तिथे एक एक मिनिट महत्त्वाचं असतं.

पण "एकदाच काय ते" म्हणून पोटाचा सीटी करणं मला आता पटत नाही. निसर्गातून आपल्याला वर्षभरात साधारण 2 ते 3 मिलिसिव्हर्ट रेडिएशन मिळतंच, छातीचा एक्सरे 0.1 किंवा त्याहून कमी, आणि पोटाचा सीटी साधारण 8 ते 10, म्हणजे तीनेक वर्षांचं एकदम. गरज असेल तर बिनधास्त करावा, फायदा कितीतरी मोठा असतो. काकांच्या समाधानासाठी नको.

पेट स्कॅन (PET) हा आणखी एक प्रकार, त्यात किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे जास्त खाल्ली जातेय ते बघतात. मेंदू साखर भरपूर खातो म्हणून तो नेहमीच चमकतो, त्यामुळे रिपोर्ट यायच्या आधी चमकणारे डाग बघून घाबरू नका.

आता एमआरआय. आई बाथरूममध्ये घसरून पडली, एक्सरे नॉर्मल आला, पण तिला पाय टेकवेना. एमआरआयमध्ये एक्सरेचे किरण नसतातच. मोठं चुंबक असतं, नेहमीचं 1.5 टेस्लाचं म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या तीसेक हजार पट, आणि शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन त्याला सिग्नल देतो. म्हणून लिगामेंट, मणक्याची गादी, मेंदू, नसा यात तो सरस. हाडाला बारीक चीर गेली की हाडाच्या आतल्या मज्जेत पाणी जमतं, एक्सरेला ते कळत नाही, एमआरआयला कळतं. आईच्या खुब्यात तशीच चीर निघाली.

ते चुंबक कायम चालू असतं, स्कॅन संपला तरी, म्हणून पेसमेकर, मेंदूतली क्लिप, जुनं ऑपरेशन, जे काही असेल ते टेक्निशियनला दोनदा सांगा. आणि तो ठोकल्यासारखा आवाज ऐकून मशीन बिघडलं असं वाटतं, पण ते कॉइलमधला करंट चालू-बंद होण्याचं धडधडणं असतं. आई अर्धा तास आत होती, मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की आवाज होणार, हलायचं नाही, घाबरलीस तर आपल्याला बोलवायला हातात दिलेला रबरी बल्ब दाब.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. आई सारखी म्हणत होती गुडघा दुखतोय, गुडघा दुखतोय, मीही गुडघ्याचाच एमआरआय करा म्हणत होते. डॉक्टरांनी तिचा पाय हळूच आत-बाहेर फिरवून बघितला, ती कळवळली, आणि त्यांनी फॉर्मवर खुबा लिहिला. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं म्हणे. माझं ऐकलं असतं तर त्याच मशीनमधून गुडघ्याचा नॉर्मल रिपोर्ट आला असता आणि मी आईला चालायला लावलं असतं.